रोख नको, भाव खा!

दुकानात पाटी लावायची आहे ना? मग आधी मजकूर नीट ठरवा. ‘आम्ही रोख घेत नाही’ असं सरळ लिहू नका, त्यात नकार दिसतो. ‘तुमच्या सोयीसाठी आता फक्त कार्ड’ असं लिहा. सोय नेमकी कोणाची, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर मशीनकडे बोट दाखवून गोड हसा. आणि हो, पाटी दारावर नको, गल्ल्याशेजारी लावा. गिऱ्हाईक रांगेत उभं राहून, सामान मांडून, हातात नोट काढून तयार झालं की मगच ती दिसली पाहिजे.

कारणं विचारली जातील, ती तयार ठेवा. नोटा मोजाव्या लागतात, बँकेत भराव्या लागतात, खोट्या निघतात, सुटे कधीच मिळत नाहीत. शिवाय चोरी. गल्ला रिकामा असला की गल्ल्यावर बसलेल्या पोरावर कोणी चाकू उगारत नाही, हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याची थट्टा करवत नाही. म्हणूनच तो सगळ्यात पुढे ठेवा. त्याच्या आडून बाकीचं सगळं खपून जातं.

रोकड सांभाळायला किती खर्च येतो ते आकड्यांसह सांगा. कार्डाच्या खर्चाबद्दल मौन पाळा. प्रत्येक विक्रीतून कार्ड देणारी बँक आपला वाटा उचलते, मधलं नेटवर्क आपला उचलतं आणि तुमच्या टेबलावर मशीन ठेवणारी कंपनी आपला. एकच नोट शंभर हातांतून फिरली तरी शंभराव्या माणसाला ती पूर्ण किमतीचीच मिळते. कार्डावरून फिरणाऱ्या रकमेला मात्र दर मुक्कामी थोडी थोडी कात्री लागते. युरोपीय संघाला 2015 साली कायदा करून त्यातल्या बँकेच्या वाट्यावर मर्यादा घालावी लागली: डेबिटला 0.2 टक्के, क्रेडिटला 0.3 टक्के. तुम्ही कशाला डोकं शिणवता? मालाचा भाव थोडा वाढवा आणि मोकळे व्हा. 2017 मध्ये व्हिसाने अमेरिकेतल्या 50 छोट्या खाद्यव्यावसायिकांना रोख पूर्ण बंद करण्यासाठी प्रत्येकी 10,000 डॉलर देऊ केले होते. कार्डाचं नेटवर्क चालवणारी कंपनी पदरचे पैसे मोजते, म्हणजे तुमच्या सोयीचा तिला केवढा कळवळा असेल, बघा!

पण पाटीचा खरा गुण वेगळाच आहे. जागतिक बँकेच्या 2021 च्या पाहणीनुसार जगातल्या सुमारे 1.4 अब्ज प्रौढांकडे ना बँकेत खातं होतं, ना मोबाइलवर. ‘गरिबांना प्रवेश नाही’ असं लिहिलंत तर बोंबाबोंब होईल. ‘फक्त कार्ड’ लिहिलंत तर काम तेच होतं आणि वर लोक तुम्हाला आधुनिक म्हणतात. कोणाला हाकलायची वेळच येत नाही. माणूस आपणहून, थोडा ओशाळून, सामान जागेवर ठेवून निघून जातो. खाऊचे पैसे मुठीत घेऊन आलेल्या मुलाला सांगा, मोठा होऊन ये. पिन आठवताना घाम फुटणाऱ्या आजोबांना सांगा, नातवाला घेऊन या. आणि जिच्या प्रत्येक खरेदीचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जाऊन पडतो, तिला काही सांगायची गरज नाही. नवऱ्याला सांगायचं काम मेसेज करेल.

यंत्रणा बंद पडली तर, अशी शंका कोणी काढेल. अशा माणसाला रडतराऊत म्हणा. 1 जून 2018 ला व्हिसाची युरोपातली यंत्रणा काही तास कोलमडली आणि सुमारे 52 लाख व्यवहार फसले, पण कारण फारच किरकोळ होतं. एका केंद्रातला एक स्विच बिघडला, तोही पूर्ण नव्हे, अर्धवट; म्हणून त्याच्या जागी येणारा राखीव स्विच वेळेवर कामाला लागलाच नाही. अशा दिवशी तुमच्याकडे माल असतो, गिऱ्हाईक असतं, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसेही असतात, फक्त विक्री होत नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं म्हटलं की तहान थोडी आवरावीच लागते.

स्वीडनचं उदाहरण मात्र अर्धंच सांगा. युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा 1661 साली याच देशाने काढल्या आणि आज तिथे ‘रोख घेत नाही’ ही पाटी सर्रास दिसते, इथवर ठीक. 2024 च्या अखेरीस तिथल्या सरकारने युद्ध किंवा संकट आल्यास काय करावं याची पुस्तिका घरोघरी पाठवली आणि तीत आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरात ठेवा असं लिहिलं, हे सांगत बसू नका. उगाच कोणीतरी विचारेल, की ती रोकड खर्चायची कोणत्या दुकानात?

तुमच्या मार्गातला खरा काटा म्हणजे कायदा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने 2019 साली आणि न्यूयॉर्क शहराने 2020 साली दुकानांना रोख घेणं बंधनकारक केलं. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर असा कायदा 1978 पासून आहे. खुद्द अ‍ॅमेझॉनने 2018 मध्ये गल्लाच नसलेलं दुकान थाटलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शाखेत नोटा घ्यायला सुरुवात केली. एवढी मोठी कंपनी, पण धीर कमी पडला.

तुम्ही खचू नका. अमेरिकेतल्या काही क्रीडासंकुलांनी यावर तोड काढली आहे: उलटं एटीएम. गिऱ्हाइकाने त्यात नोटा घालायच्या आणि तेवढ्या रकमेचं कार्ड घेऊन तुमच्यासमोर यायचं. म्हणजे रोख घेणारं यंत्र ठेवायचं, ते रोजच्या रोज रिकामं करायचं, त्यातल्या नोटा मोजायच्या आणि बँकेत भरायच्या, तरीही आपण रोख घेत नाही हे छाती ठोकून सांगायचं. खरेदी झाल्यावर कार्डावर थोडी रक्कम उरते. तेवढ्यात दुसरं काही येत नाही, आणि ती गिऱ्हाइकाने परत मागितलीच, तर तुमच्याकडे सुटे नाहीत.