लॉकडाऊनमध्ये पक्षी खरंच मोठ्याने गात होते?

एक मेसेज अजूनही फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : २०२० मध्ये माणसं घरात बसली आणि पक्षी आनंदाने मोठमोठ्याने गाऊ लागले, हवं तर व्हिडिओ पाहा. आता गोंगाट परतलाय, पण पक्षी पट्टी चढवून जुळवून घेतात. आवाज काय, आला तसा जातो. आणि एखादा पक्षी नामशेष झालाच, तर त्याचं रेकॉर्डिंग आहेच की!

वाचायला गोड आहे. पण यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

‘पक्षी मोठ्याने गाऊ लागले.’ जिथे हे नीट मोजलं गेलं, तिथे उलटंच निघालं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्याची २०१५-१६ मधली रेकॉर्डिंग्स संशोधकांकडे होती. २०२० च्या वसंतात त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. रहदारी थांबल्यामुळे शहरातला गोंगाट १९५० च्या दशकाइतका खाली आला होता, आणि नर पूर्वीपेक्षा हळू गात होते. तरीही त्यांचं गाणं सुमारे दुप्पट अंतरापर्यंत पोचत होतं, कारण त्याला झाकणारी घरघरच उरली नव्हती. एरवी रहदारीत बुडून जाणारे खालचे सूरही ते पुन्हा लावत होते. आपल्याला गाणं जास्त ऐकू आलं हे खरं. त्यावरून पक्ष्याने आवाज वाढवला असं ठरवणं ही आपल्या कानांची फसगत.

गोंगाटात आवाज आपोआप चढतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. १९११ मध्ये एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी तो माणसांत नोंदवला. बर्लिनमधले नाइटिंगेल तर कामाच्या दिवशी सकाळी मोठ्याने गातात आणि शनिवार-रविवारी जरा हळू. तेव्हा चढा आवाज ऐकून ‘पक्षी खूश आहे’ म्हणण्याआधी रस्त्याकडे एकदा बघावं.

‘व्हिडिओ आहेत ना!’ आहेत, पण फोनवर आवाजाचा मोठेपणा ठरवता येत नाही. बहुतेक फोन रेकॉर्डिंग करताना आवाजाची पातळी आपणहून वरखाली करतात. भोवताल शांत झाला की फोन आवाज उचलून धरतो, ट्रक आला की दाबतो. त्यामुळे तोच पक्षी, तितक्याच जोराने गाऊनही, शांत दिवशीच्या व्हिडिओत दणदणीत ऐकू येतो. शिवाय उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पक्षी किती लांब होता, चोच कुठल्या दिशेला होती, हे माहीत नसेल तर तुलनाच होत नाही.

‘पट्टी चढवून जुळवून घेतात.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त पसरतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातले ग्रेट टिट गोंगाटाच्या जागी वरच्या पट्टीत गातात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ग्रेट टिट गाणं शिकणारा पक्षी आहे. कबुतरं-पारव्यांसारख्यांचा आवाज बहुतांशी जन्मजात आणि मुळातच खर्जातला. त्यांना एवढी मोकळीक नाही. आणि मेसेज लिहिणाऱ्याने पक्ष्याला फक्त गवई समजलंय. त्याला ऐकावंही लागतं! पाचोळ्यातली उंदराची खसफस ऐकून झेपावणाऱ्या घुबडाने कोणती पट्टी चढवायची?

किंमत किती पडते हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात फार हुशारीने दाखवलं गेलं. जिथे रस्ताच नाही अशा डोंगरधारेवर अर्धा किलोमीटर स्पीकर लावून रहदारीचा नुसता आवाज सोडला. ना धूर, ना गाड्या, ना दिवे. स्थलांतराच्या वाटेवर तिथे थांबणाऱ्या पक्ष्यांची संख्या पाव हिश्शाहून जास्त घटली. जे थांबले त्यांचंही वजन हवं तसं भरेना, कारण शिकारी ऐकू येत नाही म्हटल्यावर दाणे टिपायचे सोडून सारखी मान वर करून बघत राहावं लागतं. याला जुळवून घेणं म्हणायचं तर म्हणा.

‘आला तसा जातो.’ कबूल. पण निष्कर्ष उलटा काढलाय. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजं कमी झाली, पाण्यातला गोंगाट ६ डेसिबलने उतरला आणि राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही उतरली. म्हणजे एरवी ती चढलेली होती. स्रोत बंद केल्याबरोबर संपणारं प्रदूषण असेल, तर ते चालू ठेवायला कारण तरी काय उरतं?

‘रेकॉर्डिंग आहेच.’ हवाई बेटांवरच्या कवाई ओओ पक्ष्याचंही आहे. १९८७ नंतर तो कुणाला ऐकू आलेला नाही आणि २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला अधिकृतपणे नामशेष ठरवलं. फाइल घर करत नाही, अंडी घालत नाही.

रेकॉर्डिंगचा खरा उपयोग पक्षी जिवंत असतानाच असतो. २०१५-१६ च्या फायली नसत्या, तर सॅन फ्रान्सिस्कोतही ‘मोठ्याने गात होते’ हीच समजूत कायम राहिली असती. तेव्हा रेकॉर्डिंग जरूर करा. आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर करा. जागा, तारीख, वेळ आणि अंदाजे अंतर सुरुवातीलाच बोलून ठेवा. मध्येच ट्रक गेला तर तेवढा तुकडा कापू नका. पक्षी त्या वेळी गप्प बसला की आवाज चढवून गात राहिला, हे त्याच तुकड्यात कळतं.