जुनापाणी सहलीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांच्या, म्हणजे गोलाकार मांडलेल्या शिळांच्या प्राचीन दफनस्थळांच्या, आमच्या सहलीविषयी आपण एकच तारा (स्टार) देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. शुल्क घेऊन माळावरचे नुसते दगड दाखवले, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळास्मारकासारखे तिथे काहीच नव्हते आणि मार्गदर्शकाने मुलांना सर्वांसमोर रागावून आपला दिवस खराब केला, असे आपण म्हटले आहे. सुटीच्या दिवशी वेळ काढून आलेल्या कुटुंबाला मनस्ताप व्हावा, अशी आमची इच्छा कधीच नसते. त्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

परंतु मार्गदर्शकाविषयीचे आपले वाक्य आमच्या फार जिव्हारी लागले, कारण त्याआधी काय घडले याचा आपल्या अभिप्रायात उल्लेखच नाही. आपल्याकडील मंडळी एका वर्तुळाच्या आतले लहान दगड उचलून छायाचित्रासाठी त्यांचा मनोरा रचत होती. मार्गदर्शकाने आधी शांतपणे विनंती केली. “कडेचे मोठे दगड आम्ही हलवत नाही, ही तर नुसती खडी आहे,” असे उत्तर मिळाले आणि दगड उचलणे चालूच राहिले, तेव्हा त्यांचा आवाज चढला.

ती खडी नव्हती, हे इथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. विदर्भातील बहुतेक शिळावर्तुळांची रचना अशी, की काळ्या बेसाल्टच्या मोठ्या शिळा गोलाकार मांडायच्या आणि आतल्या जागेत मृताचे अवशेष व त्याच्या वस्तू ठेवून त्यावर माती आणि लहान दगडांची भर घालायची. ही भर आज किंचित उंचवट्यासारखी दिसते आणि अनेक ठिकाणी तिचे दगड उघडे पडले आहेत. कडेच्या शिळा स्मारकाची हद्द दाखवतात, पण ज्याच्यासाठी हे सारे उभारले तो माणूस त्या भरीखाली असतो. आतला दगड कोणत्या थरात आणि कशाच्या वर होता, यावरूनच उत्खनन करणाऱ्याला दफनाचा क्रम उलगडतो. तो जागचा हलला, की ती माहिती कायमची जाते, आणि नंतर दगड परत ठेवला तरी ती भरून येत नाही.

या वर्तुळांतून काय मिळाले, हे मार्गदर्शकांनी त्या दिवशीही सांगितले होते. ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी 1879 मध्ये जुनापाणीची माहिती प्रसिद्ध केली आणि तिथल्या काही वस्तू ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेल्या; पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथली तीन वर्तुळे उत्खनित केली. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी नागपूर जिल्ह्यातल्याच टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे केलेल्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी व खंजीर, काळी-तांबडी मृद्भांडी, मौल्यवान दगडांचे मणी आणि माणसासोबत पुरलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले, त्यांत घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साजही होता. याच जिल्ह्यातल्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात इथे घोडे बाळगणारे आणि लोखंड स्वतः गाळणारे लोक राहत होते, हे आपल्याला कळले ते प्रामुख्याने अशाच भरींमुळे.

स्टोनहेंजशी तुलना आम्हाला अन्यायकारक वाटते. तिथल्या मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडील वर्तुळांच्या दीड हजारांहून अधिक वर्षे आधी उभ्या राहिल्या, आणि तिथे एकच भव्य स्मारक घडवले गेले. जुनापाणीला सुमारे 300 वर्तुळे आहेत. एकाच माळावर इतकी दफने पिढ्यानपिढ्या होत राहिली, हेच त्या जागेचे वैभव आहे, आणि ते पाहायला एका वर्तुळापाशी न थांबता चालावे लागते. काही शिळांवर मुद्दाम कोरलेले लहान खळगे आहेत. अशा शिळा वर्तुळात ठरावीक दिशांना आढळतात, म्हणून त्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील अभ्यासकांनी सुचवले आहे. हे खळगे दाखवायला आपल्या गटाला बोलावले, तेव्हा आपण मनोऱ्याचे छायाचित्र घेत होता.

शुल्कात वाहन, नाश्ता आणि मार्गदर्शकाचे मानधन येते. ते नोंदणीच्या वेळीच कळवले जाते. जुनापाणी हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे आणि तिथे आमच्या गटाकडून काही नुकसान झाले, तर उद्या आम्हाला लोक घेऊन जाता येणार नाहीत, याचीही मार्गदर्शकाला धास्ती असते.

यापुढे निघण्यापूर्वीच्या संदेशात काही सूचना अधिक स्पष्टपणे देण्याचा आणि मुलांसाठी थोडे वेगळे काही करता येईल का, याचा विचार आम्ही करत आहोत. आमचा व्यवसाय लहान आहे, हिवाळ्यातल्या रविवारांवर चालतो आणि नवे लोक आधी अभिप्रायच वाचतात. सहल आवडली नाही, हे आपले मत तसेच राहू द्यावे. केवळ मार्गदर्शकाविषयीच्या त्या वाक्याचा पुनर्विचार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
सहल संचालक, नागपूर