साठ हजारांची गोळी

जोतिबाच्या पायऱ्या उतरताना गुडघा पहिल्यांदा बोलला. त्याला मी गप्प केलं. मग पिंडऱ्या बोलल्या, मग कंबर, आणि सगळ्यांनी मिळून आघाडी केल्यावर बायकोनं मला हाडांच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व निघालं 9. "20 च्या खाली म्हणजे कमतरता," डॉक्टर म्हणाले. सातवीत गणितात एवढेच मार्क पडले होते. तेव्हाचा आबांचा चेहरा आठवला.

"घोळ असंल डॉक्टर," मी म्हणालो. "आम्ही मंगळवार पेठेतले. गंगावेशीत समोर म्हशीची धार काढून घेणारी, फेसासकट पेला रिकामा करणारी माणसं."

"दुधात कॅल्शियम भरपूर असतंय हो. पण ते आतड्यातून रक्तात ओढायला ड लागतं, आणि म्हशीच्या धारेत ते नावालाच. ड नसलं की दहा भागांतला एक-दीडच आत जातो. उरलेलं..." त्यांनी वाक्य सभ्यपणे सोडून दिलं. चाळीस वर्षांचं दूध माझ्या डोळ्यांसमोरून गटारात वाहून गेलं.

ड ची 60,000 युनिटची गोळी, आठवड्याला एक, असे आठ आठवडे. शिवाय रोज जेवणानंतर कॅल्शियम. घरी आबांनी आकडा ऐकला आणि मांडी ठोकली. "एकात साठ हजार? मग रोज घे की मर्दा!" मिसळीवर दोनदा कट मागवणाऱ्या गावात 'आठवड्याला एक' हे कुणाला पटणार? जास्तीचं ड लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं, रक्तात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर येतं, असं मी समजावलं. आबा म्हणाले, "भित्रा हायस."

खरी परीक्षा वेळापत्रकाची. बायकोची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम पोटात जाता कामा नये. (डॉक्टरांनी तिलाही कॅल्शियम लिहून दिलं होतं. घाऊकच.) लेकीची लोहाची गोळी, तिच्याबरोबरही कॅल्शियम नको. या तीन गोळ्या म्हणजे शाहू स्टेडियमवर फुटबॉलला आलेले तीन पेठांचे समर्थक, एका गॅलरीत बसवायची सोय नाही. फ्रिजवर तक्ता लागला. ड मात्र गुणी निघालं. ते स्निग्धात विरघळतं, म्हणून तूपतेलाच्या जेवणाबरोबर घ्यायचं. मी रविवार धरला. मटणाच्या ताटाला आयुष्यात पहिल्यांदा वैद्यकीय कारण मिळालं. "पांढऱ्या रश्श्यातच सगळं कॅल्शियम हाय, हाडं उकळत्यात नव्हं," असं आबा नळी ओढत म्हणाले. हाडांतून पाण्यात फारसं कॅल्शियम उतरत नाही, हे मी वाटी संपेपर्यंत सांगितलं नाही.

मग ऊन. आठवडाभर पहाटे साडेसहाला रंकाळ्याला जाऊन पुण्य गोळा केलं. पुढच्या खेपेला कळलं की त्या कोवळ्या, तिरक्या उन्हात कामाचे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्याहून आखूड होते तेव्हा, साधारण अकरा ते दोन, ते पोचतात. काचेतून तर नाहीच, त्यामुळं खिडकीत पेपर वाचत केलेली उपासनाही बाद.

म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी बनियन आणि हाफ पँटवर मी गच्चीवर. पंधरा मिनिटंच बसायचं होतं. पण शेजारच्या गच्चीवर कांदा-लसूण चटणीची मिरची वाळत होती. वारा फिरला आणि मी सलग अकरा शिंका दिल्या. शेजारच्या काकू वर आल्या. माझे पांढरेफटक पाय बघून क्षणभर थबकल्या, मग सावरून म्हणाल्या, "बसलाच हाय तर कुरडयांकडं पण बघा की भाऊजी. कावळे लई माजलेत." दुसऱ्या दिवशी त्यांनी कठड्यावर काठी ठेवली होती. चौथ्या दिवशी मला उशीर झाला, तर खालून हाक आली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ड 34. मी विजयी मुद्रेनं कागद आबांपुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकड्यावर बोट ठेवलं.

"पस्तीसला पास अस्तंय न्हवं? येका मार्कानं गेलास की रं."