फायरवॉल बंद केल्यावर फोल्डर उघडला, म्हणून ती बंदच ठेवायची?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वाय-फायवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर कसा उघडायचा, यावरचा माझा लेख वाचण्यात तुमची संध्याकाळ गेली, शेवटी फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी) बंद केली आणि दोन मिनिटांत काम झालं. मग लोकांना उगाच का घाबरवता, असं तुम्ही विचारलंय. संध्याकाळ गेली हा दोष माझा. जे सगळ्यात आधी सांगायचं ते मी लेखात पार खाली ढकललं. पण फायरवॉल बंद ठेवू नका, ही हात जोडून विनंती.

दुखणं कुठे आहे ते तुमच्या त्या दोन मिनिटांनीच दाखवलंय. फायरवॉल काढताच फोल्डर उघडला, म्हणजे राऊटर, शेअरिंग, परवानग्या सगळं जागेवर होतं. विंडोज नवीन वाय-फायला सहसा 'पब्लिक', म्हणजे परक्यांचं नेटवर्क, धरतं आणि पब्लिकवर शेअरिंगचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, इतर कॉम्प्युटरना बंद असतो. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्यावर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रायव्हेट' निवडा, फायरवॉल चालू करा आणि पुन्हा बघा. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही तपासा.

मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. नारायण पेठेत माझ्या एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप. त्यानेही फायरवॉल काढली, पासवर्डची अट काढली, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल दिला, म्हणजे कुणीही फाइल बदलावी किंवा पुसावी. वाय-फायचा पासवर्ड काउंटरवर कागदावर चिकटवलेला, गिऱ्हाइकांना फाइल पाठवायला सोपं जावं म्हणून. दिवाळी अंकाची पानं लावून झाली होती आणि एका दुपारी तो फोल्डरच दिसेना. रिसायकल बिन उघडून बघितली, रिकामी. नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिकडे जातच नाही, ती थेट जाते. कुणी पुसलं ते आजवर कळलं नाही. तीन रात्री जागून त्याने पानं पुन्हा लावली, त्यातली एक रात्र मी शेजारी बसून होतो.

तुमचं दुसरं म्हणणं, 'बरोबर पासवर्ड टाकूनही चूक दाखवतो.' तुम्ही बहुधा कॉम्प्युटर उघडायचा पिन टाकताय. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो. साध्या लोकल अकाउंटला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

आणि कुणी 'एसएमबी १', म्हणजे फोल्डर शेअरिंगची जुनी पद्धत, 'चालू करा' म्हटलं तर ऐकू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच्याच भोकातून पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याचा सर्व्हर, म्हणजे फोल्डर देणारा भाग, आपोआप येत नाही.

मूळ लेखाचा क्रम मी आज रात्रीच बदलतो. प्रायव्हेट करूनही अडलं, तर चौकटीत नेमके कोणते शब्द येतात ते इथेच लिहा. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असेल तर तुमची हाक त्या मशीनपर्यंत पोचतच नाहीये. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असेल तर पोचलीय, परवानगीपाशी अडलीय. मग फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये तुमच्या अकाउंटचं नाव आहे का, तेही कळवा.