तिकीट नंतर काढा हो, आधी व्हिसाचं बघा

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज ठरलेला, "मे मध्ये युरोपला चाललोय, व्हिसाला किती दिवस लागतात?" आणि तोवर नॉन-रिफंडेबल तिकीट काढून झालेलं असतं कारण सेल होता. थर्मल्स आणलेत, खाकरे-चिवड्याची ऑर्डर दिलीय आणि ज्याच्यावर सगळं अडून बसणार ते शेवटी. माझं तर मत आहे की आधी हातात किती वेळ आहे आणि कुठला व्हिसा त्या वेळात बसतो हे बघायचं, देश मग ठरवायचा. लोकांना हे उलटं वाटतं, वाटू दे.

हातात तीन आठवडे असतील तर युरोपचा नाद सोडा सरळ. व्हिएतनाम घ्या, ई-व्हिसा घरबसल्या होतो, सिंगल एंट्रीला (म्हणजे एकदाच आत शिरता येतं) २५ डॉलर आणि मल्टिपलला (कितीही वेळा जा-ये) ५०, जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. फक्त सरकारी साइटवरूनच भरा, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे घेणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत, आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. बालीला ऑन अरायव्हल, म्हणजे तिथे उतरल्यावर विमानतळावरच मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस. (५ लाख ऐकून घाबरू नका, आपले तीनेक हजार होतात.)

आता ते "व्हिसा फ्री" चे रील्स. व्हिसा फ्री म्हणजे पासपोर्ट दाखवला आणि आत गेलो असं नसतं हो. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड निघायच्या आधी ऑनलाइन भरावं लागतं, मलेशियाचंही तसंच वेगळं कार्ड आहे, आणि रिटर्न तिकीट, हॉटेल बुकिंग, खर्चाला पैसे यातलं काहीही इमिग्रेशनवाला मागू शकतो, कधीकधी तर एअरलाइनवाले मुंबईतच काउंटरवर विचारतात. शिवाय हे नियम हलत असतात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याला व्हिसाशिवाय ३० दिवस दिले आणि जुलै २०२४ मध्ये त्याचे ६० केले, म्हणजे आठ महिन्यांत नियम बदलला. त्यामुळे मेव्हण्याचा गेल्या वर्षीचा अनुभव ऐका जरूर पण निघायच्या आधी दूतावासाची साइट उघडा.

युरोपचंच करायचं असेल तर मग शेंगेन नीट समजून घ्या. २९ देशांना एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात पण ४५ पर्यंत लांबू शकतो, आणि हे दिवस अर्ज आत गेल्यावर सुरू होतात. त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी ना! उन्हाळ्यात सगळा महाराष्ट्र एकदम स्वित्झर्लंडला निघालेला असतो, स्लॉट कुठून मिळणार. मग एजंट शक्कल काढतो, "अमुक देशाचा स्लॉट रिकामाय, तिथून टाकू." इथेच फसतं. नियम साधा आहे, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. स्वित्झर्लंडला सहा रात्री, पॅरिसला दोन आणि अर्ज फ्रान्सकडे, त्यासाठी मग खोटी हॉटेल बुकिंग, खोटा प्रवासक्रम, आणि खाली सही कुणाची? तुमची. एजंटची नाही. व्हीएफएस, म्हणजे अर्ज गोळा करणारी खासगी कंपनी, तिच्याबद्दल पण लोकांचा गैरसमज असतो, तिथे कागद आणि बोटांचे ठसे घेतात, द्यायचा की नाही ते कॉन्सुलेट ठरवतं, त्यामुळे तिथल्या काउंटरवरच्या पोरीवर चिडून उपयोग नाही.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. नकार आला तर परत मिळत नाही. नकार का येतो तर पुष्कळदा पैसे कमी म्हणून नाही, गोष्ट जुळत नाही म्हणून. पगार ६० हजार आणि अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून आलेले ५ लाख खात्यात, कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा सहा महिन्यांचं साधं स्टेटमेंट, आयटीआर आणि ऑफिसचं रजेचं पत्र बरं. आणि आपल्याकडचा खास घोळ, बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने, मग मॅरेज सर्टिफिकेट जोडायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र चांगली झालीय आणि ती फार कमी जणांना माहितीय. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केलेत, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. म्हणून म्हणतो पहिले दोन प्रामाणिकपणे काढा.

आता आई-बाबा लोक. मुलगी जर्मनीत, बाळंतपणाला जायचंय, "तीन महिने राहतो." तीन महिने नाही, ९० दिवस! कुठल्याही सलग १८० दिवसांत मिळून ९०, आणि उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरून. १ जूनला पोचलात तर २९ ऑगस्टला बाहेर, ३१ ला नाही. पासपोर्टवरच्या व्हिसा स्टिकरवर तारखा लांबच्या असल्या तरी "किती दिवस" हा वेगळा रकाना असतो, तो वाचा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी एंट्री-एक्झिटची कॉम्प्युटर नोंद सुरू केलीय, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे चालणार नाही. अमेरिकेचंही तेच, "दहा वर्षांचा व्हिसा आहे" म्हणजे दहा वर्षं जा-ये करता येते, एका वेळी किती राहायचं ते तिथे उतरल्यावर ठरतं, सहसा सहा महिने.

आणि ते "जातोच आहोत तर दोन दिवस लंडन करू" वाले. लंडन शेंगेनमध्ये नाही. यूकेचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, आणि तुमचा शेंगेन सिंगल एंट्रीचा असेल तर लंडनहून परत पॅरिसला शिरता येणार नाही, भले परतीचं विमान पॅरिसहून असो. करायचंच असेल तर लंडन शेवटी ठेवा आणि तिथूनच मुंबई गाठा.