‘कोर्स क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला?’

ई-लर्निंगचे कोर्स बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: ऑथरिंग टूल (कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्ये चालायला लागलं आणि फाइल करप्ट होण्याची कटकट संपली, कारण आता फाइलच नाही. बदल आपोआप सेव्ह होतात. कंपनी रोज बॅकअप घेते. शिवाय स्कॉर्म पॅकेज (प्रकाशित कोर्सची ठरावीक साच्यातली झिप फाइल) हाताशी असतं, एलएमएसवर, म्हणजे विद्यार्थी जिथे कोर्स करतात त्या व्यवस्थेवर, कोर्स चढवलेला असतो, ड्राइव्हवर सगळं सिंक होतं. तेव्हा बॅकअपची काळजी सोडा आणि कोर्सकडे लक्ष द्या.

ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच हा सल्ला धोक्याचा आहे. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे तपासून पाहिले की टिकत नाहीत.

‘फाइलच नाही, तर करप्ट काय होणार?’

आधी खरं ते मान्य करू. स्टोरीलाइनसारख्या डेस्कटॉप टूलमध्ये अख्खा कोर्स एका फाइलमध्ये असतो. ती फाइल नेटवर्क ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवून थेट तिथेच काम केलं, तर सेव्ह होताना जोडणी क्षणभर तुटली तरी फाइल बिघडू शकते. काम संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर करा आणि झाल्यावर कॉपी करा, असं स्टोरीलाइन बनवणारी आर्टिक्युलेट कंपनीच सांगते. ब्राउझरमधल्या टूलमध्ये हा धोका नाही, हे कबूल.

पण कोर्स हवेत तरंगत नाही. तो डेटाबेसमधल्या नोंदी आणि वेगळ्या ठिकाणी साठवलेली चित्रं, व्हिडिओ असा विखुरलेला असतो. त्यामुळे बिघाड होतो तोही विखुरलेलाच. एक धडा कोरा उघडतो, एका ब्लॉकमधलं (धड्याच्या एका तुकड्यातलं) चित्र गायब होतं, वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर आलेल्या फॉरमॅटिंगमुळे एखादा ब्लॉक संपादनालाच उघडत नाही. डेस्कटॉपवर फाइल गेली की लगेच कळतं. इथे पंधराव्या धड्यातलं चित्र गेलेलं महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि काहीही चढवायचं किंवा उतरवायचं म्हटलं की फाइल परत येतेच. देवनागरीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जपायलाच हवी. प्रश्नसंच सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातल्या तक्त्यात) उतरवला, एक्सेलमध्ये उघडला आणि उच्चारचिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर घाबरू नका. मूळ मजकूर शाबूत असतो, फक्त वाचताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, चुकलेलं असतं. फाइल सेव्ह न करता बंद करा आणि एक्सेलच्या डेटा टॅबमधून यूटीएफ-८ हे एन्कोडिंग निवडून पुन्हा आत घ्या. पण प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर कोणीतरी फाइल आन्सी या जुन्या एन्कोडिंगमध्ये किंवा साध्या सीएसव्हीत सेव्ह केलेली आहे आणि त्या फाइलमधली मूळ अक्षरं कायमची गेली आहेत. अशी फाइल टूलमध्ये परत चढवली की क्लाउडवरच्या चांगल्या मजकुरावरही प्रश्नचिन्हं बसतात.

‘ऑटोसेव्ह आहे ना!’

ऑटोसेव्ह तुमचं काम जपतो, तशी तुमची चूकही जपतो. धडा चुकून पुसला, तर दोन-तीन सेकंदांत ते पुसणं सेव्ह झालेलं असतं. पुष्कळ टूलमध्ये अनडू फक्त टॅब उघडा असेपर्यंतच चालतो. बॅकअप म्हणजे मागे जायची सोय. ऑटोसेव्ह तुम्हाला पुढेच नेतो.

दुसरं, एकच धडा दोन टॅबमध्ये उघडा असेल आणि टूल दुसऱ्या टॅबला संपादनापासून रोखणारं कुलूप लावत नसेल, तर शेवटी सेव्ह झालेला टॅब आधीच्यावर लिहून मोकळा होतो. सकाळी उघडून विसरलेल्या टॅबमध्ये संध्याकाळी एक स्वल्पविराम बदलला, तरी दिवसभराचं काम जाऊ शकतं.

आपलं टूल नेमकं कसं वागतं ते पाच मिनिटांत तपासता येतं. एक चाचणी कोर्स बनवा, खरा कोर्स वापरू नका. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘ऑफलाइन’ निवडा. एक ओळ लिहा आणि टूल इशारा देतं का पाहा. मग जोडणी परत चालू करा, अर्धा मिनिट थांबा, पान रिफ्रेश करा. ओळ टिकली तर टूल न पोहोचलेले बदल धरून ठेवतं. ओळ गेली आणि इशाराही आला नाही, तर इंटरनेट डळमळीत असताना या टूलमध्ये काम करू नये.

‘कंपनी रोज बॅकअप घेते.’

घेत असेलही. प्रश्न असा, की तो कोणासाठी घेते? कंपनीचा बॅकअप कंपनीचं दुकान बुडू नये म्हणून असतो. हजारो ग्राहकांचा डेटा एकाच व्यवस्थेत एकत्र असतो आणि बॅकअपही त्या सगळ्याचा मिळून घेतलेला असतो. त्यातून फक्त तुमचा कोर्स, तोही मंगळवारी दुपारी होता तसा काढायचा, तर बाकीच्यांच्या आजच्या डेटाला धक्का न लावता काढावा लागतो. ते काम अवघड असतं.

किती अवघड, ते एप्रिल २०२२ मध्ये अटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांनी पाहिलं. एका जुन्या अ‍ॅपचा डेटा काढून टाकण्यासाठी स्क्रिप्ट चालवली गेली, पण तिला अ‍ॅपऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे ओळख क्रमांक दिले गेले होते. ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते आणि चांगले होते. तरीही काही ग्राहकांना १४ दिवसांपर्यंत थांबावं लागलं, कारण चालू व्यवस्थेतून इतक्या ग्राहकांना वेगळं काढून परत बसवण्याची तयार सोय नव्हती.

जानेवारी २०१७ मधलं गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मुख्य डेटाबेसची फोल्डर चुकून पुसली गेली. मग बॅकअप शोधला तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि प्रत्यक्ष डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. बॅकअप फसल्याचे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबने हे सगळं स्वतःहून उघड सांगितलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

म्हणून ‘बॅकअप घेता का?’ असं कंपनीला विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘हो’च येणार. विचारायचं ते असं: माझा एकच कोर्स गेल्या आठवड्यातल्या स्थितीत परत देता का? किती दिवस मागे जाता येतं? पुसलेला कोर्स कचरापेटीत किती दिवस राहतो? आणि कोर्स बनवणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली, तिचं खातं बंद केलं, तर तिच्या कोर्सचं काय होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आमच्या मते अशा खाते-बदलात कोर्स हरवण्याची शक्यता सर्व्हर बंद पडण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

‘स्कॉर्म पॅकेज आहे, तोच बॅकअप.’

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. स्कॉर्म पॅकेज म्हणजे छापून आलेलं पुस्तक. त्यावरून कोर्स वाचता येतो, पण तो पुन्हा संपादनाला उघडता येत नाही. आर्टिक्युलेटच्याच राइज या ब्राउझरमधल्या टूलमधून काढलेलं पॅकेज राइजमध्ये परत घालून बदल करण्याची सोय नाही. मजकुरासाठी तिथून भाषांतरासाठी वापरली जाणारी एक्सलिफ फाइल काढता येते. तिच्यात शब्द असतात, चित्रं आणि मांडणी नसते. तरीही मजकूर नव्याने टंकण्यापेक्षा ती असलेली बरी.

सगळीच टूल अशी नसतात. एचफाइव्हपी या टूलची फाइल ही साधी झिप असते. तिच्यात मजकुराची जेसन फाइल (साध्या मजकुरात लिहिलेला डेटा) आणि चित्रं, व्हिडिओ ही माध्यमं असतात आणि ती दुसऱ्या एचफाइव्हपी साइटवर चढवून संपादित करता येते. टूल निवडतानाच हा फरक विचारात घ्यायला हवा.

पॅकेज ठेवायचंच, पण ते धड आहे का ते पाहून. झिप फाइलमधल्या मजकुराची सूची फाइलच्या अगदी शेवटी असते. डाउनलोड मध्येच तुटलं, तर डेटाचा मोठा भाग आलेला असूनही फाइल उघडत नाही. सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये ‘टेस्ट’ दाबलं की आतल्या प्रत्येक फाइलची तपासणी-बेरीज (चेकसम) जुळते का ते कळतं. कधीकधी मात्र ‘पॅकेज करप्ट आहे’ अशी ओरड होते आणि पॅकेज ठणठणीत असतं. सफारी ब्राउझर डाउनलोड झालेली झिप आपोआप उलगडतो. मग ती फोल्डर पुन्हा झिप केली जाते आणि पॅकेजमध्ये काय आहे ते सांगणारी आयएमएस-मॅनिफेस्ट फाइल एक पायरी आत जाते. एलएमएस ती सगळ्यात वरच्या पातळीवर शोधतं, तिथे ती नसते, आणि पॅकेज नाकारलं जातं. उपाय सोपा आहे: फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाइल निवडा आणि त्या झिप करा.

‘विद्यार्थ्याची प्रगती पुसली गेली’ ही तक्रारही बरेचदा करप्ट फाइलच्या खात्यावर टाकली जाते. स्कॉर्म १.२ मध्ये कोर्स कुठवर आला याची नोंद ४,०९६ अक्षरांत बसवावी लागते. लांब कोर्समध्ये ती भरते, शेपूट कापलं जातं आणि विद्यार्थी पुन्हा पहिल्या पानावर येतो. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० आहे. एलएमएसला ती आवृत्ती चालत असेल तर त्यात प्रकाशित करा, नाहीतर कोर्सचे दोन भाग करा.

‘एलएमएसवर आहेच की.’

एलएमएसवर आहे ते तेच छापील पुस्तक. मूडल या एलएमएसच्या कोर्स-बॅकअपमध्येही स्कॉर्म पॅकेज जसंच्या तसं जातं, त्याचा सोर्स, म्हणजे संपादन करता येणारी मूळ प्रत, नाही. मूडलमधला आपोआप बॅकअप मुळात बंद असतो, प्रशासकाने तो चालू करावा लागतो. त्यात विद्यार्थ्यांच्या नोंदी घ्यायच्या की नाही हेही वेगळं ठरवावं लागतं.

‘ड्राइव्हवर सिंक होतं.’

सिंक म्हणजे आरसा. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. झिपसारख्या फाइलच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस टिकतात. वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या कोर्ससाठी ३० दिवस काहीच नाहीत.

मग करायचं काय?

कोर्स प्रकाशित कराल त्या दिवशी एक फोल्डर करा. नाव कोर्सचं, पुढे तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. नाव छोटं ठेवा, विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की अनेक प्रोग्राम अडखळतात. फोल्डरमध्ये टूल देत असेल तर संपादनयोग्य सोर्स, प्रकाशित पॅकेज, मजकुराची एक्सलिफ किंवा वर्ड प्रत, आणि चित्रं, आवाज, व्हिडिओ यांच्या न दाबलेल्या (कॉम्प्रेस न केलेल्या) मूळ फाइल. टूलमध्ये चढवताना त्या दाबल्या जातात, त्यामुळे तिथून परत मिळतील त्या हलक्या दर्जाच्या. प्रश्नांची बरोबर उत्तरं, गुण आणि पास होण्याची अट यांचे स्क्रीनशॉटही ठेवा. कोर्स नव्याने उभा करताना सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

टूलच्या आतही मोठ्या बदलाआधी कोर्सची प्रत काढा आणि जुन्या प्रतीला हात लावू नका. बाहेरच्या फोल्डरच्या दोन प्रती ठेवा, एक तुमच्या ताब्यातल्या डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या खात्यावर. ते खातं टूलच्या लॉगिनला जोडलेलं नसावं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टंकून द्यायच्या खिडकीत) गेट-फाइलहॅश ही आज्ञा चालवून प्रत्येक झिपचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंदवा. पुढे शंका आली तर तोच हॅश पुन्हा काढा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल बदललेली आहे.

दर तीन महिन्यांनी एक कोर्स निवडा आणि तो बनवणाऱ्या व्यक्तीला न विचारता, फक्त त्या फोल्डरवरून रिकाम्या चाचणी खात्यात उभा करून पाहा. जिथे अडाल तिथे काय कमी होतं ते लिहा आणि पुढच्या वेळी फोल्डरमध्ये घाला. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा फॉन्ट आणि व्हिडिओची उपशीर्षकं सापडत नाहीत.