जड आहे, म्हणजे चांगलाच असणार

खोकं हातात घेतलं आणि मनगट खाली गेलं. तेवढ्यानेच मी खूश. अजून टेप कापायची होती, आत मागवलेला खेळण्यातला यंत्रमानव आहे की वीट हेही कळायचं होतं. पण ‘वजनदार आहे, म्हणजे माल चांगला’ हा निकाल मनातल्या मनात लागून त्यावर सही-शिक्का झालासुद्धा होता.

डाय-कास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेले, यंत्रमानव जमवणाऱ्यांचा हा कुळाचारच आहे. वस्तू आधी बघायची नाही, तोलायची. याचं पाप जपानच्या माथी. १९७४ साली तिथल्या पॉपी या खेळण्यांच्या कंपनीने मॅझिंगर झेड या कार्टूनमधल्या यंत्रमानवाचा धातूचा पुतळा काढला आणि त्यावर ‘चोगोकिन’ असं नाव घातलं. अर्थ साधारण ‘महामिश्रधातू’. कथेतला तो धातू अभेद्य वगैरे होता. खेळण्यातला मात्र जस्ताचा मिश्रधातू: भरपूर जस्त, थोडं ॲल्युमिनियम, त्याहून थोडं तांबं, नावापुरतं मॅग्नेशियम. दाराच्या मुठी आणि नळाच्या तोट्या ज्याच्या करतात तोच. मी हे मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे दाराच्या मुठीचा सख्खा भाऊ.” मी विषय बदलला.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मी लोहचुंबक आणलं आणि यंत्रमानवाच्या छातीला लावलं. चिकटलं नाही. पोटाला, पायाला, पाठीला लावलं. शेवटी पाठीत एका जागी जरासं ओढ घेतल्यासारखं वाटलं, पण तो स्क्रू निघाला. फसवणूक! मी विक्रेत्याला खरमरीत पत्र लिहायला बसलो. ‘धातूच्या नावाखाली प्लॅस्टिक’ इथपर्यंत आलो आणि शाळेतलं विज्ञान आठवलं: जस्त लोहचुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबक चिकटलं असतं तरच घाबरायला हवं होतं. पत्र फाडलं. त्यातली एक-दोन वाक्यं फार चांगली जमली होती, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग गालाची परीक्षा. धातू अंगातली ऊब पटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो, प्लॅस्टिक तसं लागत नाही. बोटांपेक्षा गालाला ते लवकर कळतं. रात्री सगळे झोपल्यावर मी यंत्रमानवाची एकेक बाजू गालाला लावून बघत होतो. छाती गार. पावलं गार. मांड्या कोमट, म्हणजे प्लॅस्टिक. डोळे मिटून त्याच्या दंडाला गाल टेकवला होता तेवढ्यात दिवा लागला. बायको दारात उभी. “काय चाललंय अहो?” यावर खरं उत्तर होतं, पण ते खोट्यापेक्षा वाईट होतं. मी म्हणालो, “दाढ दुखतेय.”

छाती आणि पावलं धातूची, बाकी प्लॅस्टिक, ही लबाडी नाही, हे मला हळूहळू पटलं. हा मिश्रधातू खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या सहापटींहून जड. पावलं जड असली की पुतळा उभा राहतो. हात जड असले तर तो हात खांद्याने पेलायचा कसा? तरी मनात चुटपुट राहतेच. आपल्याला वजन हवं असतं. ते कुठे आहे याच्याशी घेणं नसतं.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की मला झोप येत नाही. प्लॅस्टिक मुळातच रंगीत ओतता येतं, धातूला वरून रंगवावंच लागतं. त्यामुळे छातीचा लाल आणि मांडीचा लाल हे एकमेकांचे चुलते वाटतात, भाऊ नाही. मी भिंग घेऊन साच्याच्या दोन भागांमधली जोडरेषा शोधत होतो. ती घासून साफ केली असेल तर माल उत्तम. तेवढ्यात छातीवर केसाएवढी चीर दिसली आणि पोटात धस्स झालं. जस्तात शिशाची भेसळ झाली तर धातू आतून सडतो, फुगतो, भेगाळतो. १९३० च्या आसपासची कितीतरी खेळणी कपाटात बसल्या बसल्या अशीच भुगा झाली. तीन दिवस मी ती चीर वाढते का ते पाहत होतो. चौथ्या दिवशी छातीच्या दुसऱ्या बाजूला तश्शीच, त्याच मापाची दुसरी सापडली. ती नक्षी होती. चिलखताचे पत्रे जोडल्यासारखं दिसावं म्हणून मुद्दाम कोरलेली.

सांध्यांच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नाही. चांगल्या जड पुतळ्याच्या गुडघ्यात, खांद्यात दातेरी चक्र असतं. वाकवलं की ‘कट् कट्’ वाजतं आणि जिथे थांबवाल तिथे थांबतं. तो आवाज ऐकून जाणकार माना डोलावतात. माझ्या गुडघ्यातून अगदी तोच आवाज येतो, तर डॉक्टर जिने टाळायला सांगतात. असो. याच्या गुडघ्यात चक्र होतं. उजव्या खांद्यात नव्हतं, तिथे नुसती घट्ट बसवलेली खुंटी. आणि त्या खांद्याला तलवार धरलेला हात, तलवार धातूची! रात्री मी त्याला तलवार उगारून उभा करायचो. सकाळी तो शरण आलेला असायचा.

कुणी सांगितलं, खुंटीला नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश लावा, वाळू द्या, पकड येते. लावलं. वाळायच्या आधीच मला राहवलं नाही आणि मी हात बसवून पाहिला. आता तो हात खाली आहे आणि वर जात नाही. म्हणजे पकड आली.

परवा वारा सुटला होता आणि आतल्या खोलीचं दार सारखं आपटत होतं. मी येऊन बघतो तर यंत्रमानव कपाटावर नाही. दाराला पाठ लावून जमिनीवर उभा, पावलं घट्ट रोवलेली. दार हलत नव्हतं.

“बघा,” बायको म्हणाली, “जागचा ढळत नाही. चांगला मजबूत आहे हो.”

“अगं, त्याचा रंग जाईल!”

“भावाभावांत एवढं चालायचंच,” ती दाराच्या मुठीकडे बोट दाखवत म्हणाली. “आणि तो हात खाली आहे तेच बरं. वर असता तर जाता-येता साडीत अडकला असता.”